कमरेचे कडे मोडले आहे काय?

मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत शिकवावयास लागलो आणि बत्तीस वर्षांनी निवृत्त झालो, एवढीच माझी योग्यता. अपघातात सापडलेल्या मनुष्याच्या कमरेचे हाड मोडले आहे किंवा नाही हे कसे ओळखावे, या विषयावर अशा माणसाने बोलावे हे कित्येकांस धारिष्ट वाटेल. परंतु हाच विषय मी शाळेत प्रथमोपचाराच्या वर्गात जवळजवळ वीस वर्षे शिकविला, आणि चुकीचा शिकविला. ज्यांना शिकविला ती मुले आता कोठकोठे पांगली आहेत याचा मजला पत्ता नाही. त्यांच्यापैकी काहींच्या तरी कानी हे बोलणे पडावे, या हेतूने मी आजचे भाषण पत्करिले आहे.

माझ्या वहीत या दुखापतीसंबंधी एक वाक्य होते. ती वही मजला माझ्या आधीच्या मास्तरांकडून मिळाली होती. त्यातील सांगणे असे की, जखमीस उताणे निजवून त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंची वर आलेली हाडे दोन हातांत धरावी, प्रथम ती आत दाबावी, मग बाहेर उकलावी. हाड हलले तर ते मोडले असे समजावे. ही कृती करून दाखविण्यास सोपी, मुलांस गंमत वाटणारी आणि परीक्षेत विचारण्यास सोईची. दरवर्षी एक मुलगा बाकावर निजे आणि बाकीचे पाळीपाळीने त्याची कंबर दाबून पाहत.

सुमारे सात वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आमच्या वाडीत फणस उतरविताना एक गडी झाडावरून पडला. उंची वीस-बावीस फूट असावी. तो शुद्धीवर होता, बोलत होता, कमरेत काही तरी झाले असे म्हणत होता. मी धावत गेलो आणि वहीतील कृती केली. हाड हलले. हाताखालची ती हालचाल मला अजून आठवते. एवढ्यावर तरी मी थांबावयास हवे होते. पण भोवती जमलेल्यांपैकी एकदोघांनी ‘खरेच काय मास्तर?’ म्हणून विचारले, तेव्हा त्यांची खात्री पटविण्याकरिता मी पुन्हा दाबून दाखविले. आणि मग त्यांच्यातील एकाने स्वतःही दाबून पाहिले. गड्याचे ओरडणे आम्ही केवळ निदानाचा पुरावा म्हणून ऐकत होतो. तासाभरात त्याचा चेहरा पांढराफटक पडला, अंगास गार घाम सुटला, आणि तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत मनगटाची नाडी हातास लागेनाशी झाली. रक्ताच्या अनेक पिशव्या चढवाव्या लागल्या. तो वाचला.

त्या रुग्णालयात मजला माझाच एक जुना विद्यार्थी भेटला. तो आता हाडांचा शल्यवैद्य आहे. मी त्यास सर्व हकीकत सांगितली. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही आम्हालाही हेच शिकवले होते. कॉलेजात गेल्यावर ते विसरावे लागले.’ मी विचारले, ‘माझ्या दाबण्याने रक्त वाढले काय रे?’ तो म्हणाला, ‘ते आता कुणालाच सांगता यायचे नाही. हाड मोडले ते पडल्यामुळेच. पण दाबायला नको होते.’ त्यानंतर सवड मिळेल तसा त्याच्याकडे जाऊन बसून मी जे समजून घेतले, ते आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम ही रचना कशी आहे ते पाहू. आपण ज्यास कमरेचे हाड म्हणतो ते एक हाड नसून हाडांचे कडे आहे. शास्त्रात त्यास श्रोणी म्हणतात. मागील बाजूस, पाठीच्या कण्याच्या खाली, पाचरीसारखे बसलेले त्रिकास्थि, आणि त्याच्या दोन्ही अंगांस घट्ट बंधनांनी जखडलेली दोन मोठी पसरट हाडे. ही दोन हाडे वळून पुढे येतात आणि ओटीपोटाच्या तळाशी, जघनसंधी नावाच्या जागी, कूर्चेने एकमेकांस जोडली जातात. करगोटा जेथे टेकतो ती या कड्याची वरची कड, आणि बसताना ज्यांवर भार येतो ती त्याची खालची टोके. साऱ्या धडाचा भार या कड्यातून मांड्यांत उतरतो. म्हणून ते बळकट आहे, आणि तरुण माणसात ते मोडावयास आघातही मोठा लागतो: मोटारीची धडक, दुचाकीवरून फेकले जाणे, झाडावरून किंवा परांचीवरून पडणे, ढिगाऱ्याखाली सापडणे.

काचेची बांगडी एकाच जागी तोडण्याचा यत्न करून पाहावा. बहुधा साधत नाही. एका जागी तडकली की दुसऱ्या जागीही तडकते. या कड्याचेही पुष्कळसे तसेच आहे. पुढे मोडल्याचे आढळले तर मागेही काही बिघडले असावे असे धरून चालावे लागते, आणि मागची बाजू डोळ्यांस दिसत नाही. आघात कोणत्या दिशेने आला यावर मोडण्याची तऱ्हा ठरते. यंग आणि बर्जेस या अमेरिकन डॉक्टरांनी १९८६ च्या सुमारास केलेली विभागणी आज सर्वत्र चालते. बाजूने धक्का बसला तर कडे आत दबते. हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. समोरून दाब आला तर जघनसंधी फाकून कडे पुस्तकासारखे उघडते. उंचावरून पायांवर आदळले तर एक अर्धे वर सरकते. अपघात कसा घडला हे विचारणे म्हणजे निव्वळ चौकशी नव्हे. ते परीक्षेचे पहिले अंग होय, आणि त्यास कोणाच्या अंगास हात लावावा लागत नाही.

आता रक्ताचा हिशेब. माझा विषय गणित असल्यामुळे ही गोष्ट मला चटकन पटली. प्रौढ मनुष्याच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. आमचा गडी ६० किलोंचा धरला तर त्याचे एकंदर रक्त ४२०० मिलिलिटर, म्हणजे सव्वाचार लिटरांच्या आत. त्रिकास्थीच्या पुढील अंगास नीलांचे दाट जाळे असते. हाड मोडले की त्या नीला फाटतात, आणि मोडलेल्या हाडाच्या स्पंजासारख्या गाभ्यातूनही रक्त पाझरते. काही रोग्यांत रोहिणीही तुटते. हे सारे रक्त पोटाच्या मागील पोकळ जागेत साठते. तेथे लिटर-दोन लिटर सहज मावते, त्याहून अधिकही मावते, आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. पुन्हा असे की, निरोगी तरुण मनुष्याचे शरीर सुमारे तीस टक्के रक्त जाईपर्यंत रक्तदाब कसाबसा सांभाळून धरते. ४२०० चे तीस टक्के म्हणजे १२६०. याचा अर्थ असा की सव्वा लिटर रक्त गेल्यावरही तो मनुष्य आपल्याशी बोलत असेल. नाडी मात्र आधीच जलद झालेली असते, आणि कातडी गार व ओलसर. त्या दिवशी मी त्याच्या कमरेकडे पाहत होतो. त्याच्या मनगटाकडे मी पाहिलेच नाही.

फाटलेल्या नीलांच्या तोंडाशी रक्ताची गुठळी धरते आणि पाझर मंदावतो. ही पहिली गुठळी फार मोलाची असते, कारण रक्त गोठविणारी द्रव्ये त्या वेळी रक्तात भरपूर असतात. पुढे रक्त जाऊन जाऊन शरीर थंड पडते, ती द्रव्येही कमी होतात, आणि दुसरी गुठळी पहिलीइतकी चांगली धरत नाही. मोडलेले कडे दोन हातांनी उकलून पाहणे म्हणजे ती पहिली गुठळी हलविणे.

बरे, एवढा धोका पत्करून या दाबण्याने निदान तरी खात्रीचे होते काय? तेही होत नाही. १९९० साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याची पाहणी प्रसिद्ध झाली. मोडलेल्या १०० कमरांपैकी दाबून ओळखता आल्या त्या ५९. आणि न मोडलेल्या १०० पैकी २९ उगाच मोडलेल्या ठरल्या. नाणे उडवून पाहण्याहून हे फारसे बरे नव्हे. पुढे २००९ साली अमेरिकेत १५०२ जखमींची नोंद तपासण्यात आली, तेव्हा जी कडी खरोखरच खिळखिळी झालेली होती त्यांपैकीसुद्धा हलवून पाहण्याने शंभरी २६ एवढीच सापडली. हलणे हातास लागले तर मोडले आहे हे बहुतेक नक्की. परंतु हलणे लागले नाही म्हणून शाबूत आहे असे मुळीच म्हणता येत नाही. २०१३ साली ब्रिटनमधील अपघातस्थळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी विचारविनिमय करून जे मत नोंदविले, त्यात कंबर अशी दाबून-उकलून पाहू नये असे स्पष्ट म्हटले आहे. मग ही चाल पडली कशी? राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लाविला. त्यापूर्वी डॉक्टरांस डोळे आणि हात यांवाचून साधन नव्हते. नवे साधन आले तरी जुनी कृती ग्रंथांतून आणि माझ्यासारख्यांच्या वह्यांतून चालत राहिली.

याचा अर्थ अंगपरीक्षा निरुपयोगी आहे असा मात्र कोणी घेऊ नये. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत शुद्धीवर असलेल्या २१७६ जखमींची काळजीपूर्वक अंगपरीक्षा करण्यात आली. त्यांतील ९७ जणांचे श्रोणीचे हाड मोडले होते. अंगपरीक्षेने ७ जण चुकविले. आणि समोरून घेतलेल्या साध्या क्ष-किरण चित्राने १३ चुकविले! अंगपरीक्षेतून निसटलेल्या त्या सातांपैकी कोणावरही शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली नाही. तात्पर्य, शुद्धीवर असलेल्या मनुष्यास नीट विचारले आणि नीट पाहिले तर यंत्राइतके, किंबहुना काकणभर अधिक कळते.

ती परीक्षा कशी करितात ते माझ्या विद्यार्थ्याने मला दाखविले. प्रथम जखमीशी बोलावयाचे. कंबर, जांघ, ओटीपोट, पाठीचा तळ, यांपैकी कोठे दुखते काय? त्यास उठवावयाचे नाही, बसवावयाचे नाही, ‘चालून दाखव’ असे तर कदापि म्हणावयाचे नाही. नंतर पाय पाहावयाचे. मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडलेले नसताना एक पाय आखूड दिसत असेल, किंवा पाऊल बाहेरच्या अंगास कलंडले असेल, तर कड्याचा अथवा खुब्याचा संशय घ्यावा. पावले हलविता येतात काय, स्पर्श कळतो काय, हेही विचारावे, कारण त्रिकास्थीच्या छिद्रांतून पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतू निघतात. मग वस्त्र बाजूस करून कातडी पाहावयाची. जांघेच्या घडीवर, कुशीवर, अंडकोशावर किंवा मांडीच्या आतल्या बाजूस रक्त साकळून काळेनिळे झाले असेल तर ते मोठे लक्षण होय. दस्तो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांचे नाव या लक्षणास दिलेले आहे. कधी मांडीच्या अगर ढुंगणाच्या बाजूची कातडी खालच्या मांसापासून सुटून तेथे रक्ताची थुलथुलीत पिशवी बनते. तीही दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

येथे एक संकोचाची गोष्ट बोलणे भाग आहे. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसला, किंवा लघवी करावीशी वाटूनही होत नसली, तर मूत्रमार्ग अथवा मूत्राशय दुखावल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी डॉक्टर लघवीची नळी आंधळेपणाने घालीत नाहीत. आधी औषध सोडून क्ष-किरणाने मार्ग तपासतात. तसेच गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधील जागी, किंवा स्त्रियांच्या बाबतीत योनिमार्गात, जखम असेल तर मोडलेल्या हाडाचा बाहेरच्या जगाशी संबंध आला असे समजतात, आणि त्या वाटेने जंतू शिरून रोगी दगावण्याचे भय फार वाढते. ही तपासणी डॉक्टरांनीच करावयाची. पण आपल्याकडे, विशेषतः बायकांच्या बाबतीत, लाजेमुळे ही जागा कोणी पाहतच नाही, रोगीही सांगत नाही, आणि घरची माणसे ‘तेथे काही नाही’ असे डॉक्टरांस परस्पर सांगून टाकतात. लुगड्यावर रक्ताचा डाग दिसला तर तो झाकू नये, दाखवावा, एवढेच मी म्हणेन.

हाताचे काम अगदी शेवटी, आणि तेही इस्पितळात. बोटांच्या अग्रांनी जघनसंधीवर, वरच्या कडांवर, आणि तळहात पाठीखाली हलकेच सरकवून त्रिकास्थीवर चाचपतात. दुखते काय एवढेच विचारतात. पुढील संधीत फट पडली असेल तर ती बोटास लागते. कोणी डॉक्टर दोन्ही बाजू एकदाच, अगदी हलक्या हाताने, आत दाबून पाहतात; बाहेर उकलीत नाहीत, आणि एकाने पाहिल्यावर दुसऱ्याने पुन्हा पाहत नाहीत. आम्ही तिघांनी मिळून केले ते बरोबर याच्या उलट होते.

जो मनुष्य बेशुद्ध आहे, दारू प्यालेला आहे, डोक्यास मार लागून भांबावला आहे, किंवा ज्याचा हात-पाय दुसरीकडे इतका भयंकर मोडला आहे की त्यास इतर वेदना जाणवतच नाही, त्याच्या ‘दुखत नाही’ या उत्तरास किंमत नाही. तेथे आघात किती मोठा होता एवढ्यावरच कडे मोडले असे गृहीत धरावयाचे, आणि क्ष-किरण व त्याहून सूक्ष्म अशी सीटी तपासणी होईपर्यंत ते गृहीत सोडावयाचे नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकास आपली म्हातारी माणसे. न्हाणीघरात पाय सरकून ढुंगणावर पडलेल्या आजीबाईंचे हाड ठिसूळ झालेले असते. त्यांना मोटारीची धडक लागत नाही. त्या दुसऱ्या दिवशी भिंत धरून चालतातही, पण जांघेत कळ येते म्हणतात. चालतात म्हणजे मोडले नाही, हा समज खोटा आहे. त्यांच्यात मागच्या हाडाची चीर साध्या क्ष-किरणात पुष्कळदा उमटत नाही, म्हणून कळ टिकली तर डॉक्टरांकडे पुन्हा जावे.

आता आपण सामान्य माणसांनी करावयाचे ते थोडकेच आहे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि पडून कमरेत दुखते असे फोनवरच सांगावे. जखमीस आहे तसा पडू द्यावा, अंगावर पांघरूण घालावे, खाण्यापिण्यास देऊ नये. नाडी मोजून वेळेसह कागदावर लिहून ठेवावी; डॉक्टरांस त्या आकड्यांचा फार उपयोग होतो. गाडी येण्यास उशीर असेल तर चादर अगर धोतर वीतभर रुंदीची घडी करून गुडघ्यांमागील पोकळीतून आत घालावे आणि हळूहळू वर सरकवून खुब्यांच्या बाहेरच्या उंचवट्यांवर आणावे. मांडीच्या वरच्या टोकाशी, बाहेरच्या बाजूस, जे हाड हातास लागते तो हा उंचवटा. तेथे बेताने आवळून पुढे गाठ द्यावी, आणि गुडघे व पावले एकमेकांशी जोडून बांधावी. पुष्कळ लोक हे फडके कमरेवर, करगोट्याच्या जागी बांधतात. ते चूक आहे. कडे मिटावयाचे असेल तर दाब खाली, खुब्यांवर यावयास हवा. रुग्णालयांत व गाड्यांत याच कामाचा तयार पट्टा असतो. जखमीस उचलावेच लागले तर चारपाच जणांनी मिळून सरळच्या सरळ फळीवर घ्यावे. कुशीवर लोळवू नये.

आमचा गडी आता चालतो. डावा पाय किंचित आखूड राहिला आहे. झाडावर तो चढत नाही, कलमांची राखण करितो. गेल्या वर्षी मी त्याच्या अंगणात बसून त्यास हे सर्व सांगितले, माझ्या दाबण्यासकट. तो थोडा वेळ विडी ओढीत राहिला आणि म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही नसता तर लोकांनी मला उभा करून चालवला असता.’ त्याचे म्हणणे खरेही असेल. मी त्यावर काही बोललो नाही.

प्रथमोपचाराची ती वही मी प्रत्येक तुकडीस शब्दशः सांगून लिहून घेत असे. ज्यांच्या पेटीत ती अजून असेल त्यांनी ‘बरगड्या’ या धड्याच्या पुढचे पान काढावे, आणि ‘दोन्ही हाडे हातांत धरून’ येथून सुरू होणारे वाक्य शाईने खोडून टाकावे. माझ्या प्रतीत मी ते खोडले आहे.